ओढणीची गाठ : ‘मला पित्त आहे’ म्हणत आलेली वाताची रुग्ण

जुलैचा तिसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. बाई आत आल्या आणि खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या, “डॉक्टर, मला पित्ताचा जुना त्रास आहे. पथ्यं सगळी पाळते, तरी कमी होत नाही.” वय ४३, सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम, अंगाने किरकोळ. हातात एक फाइल आणि फाइलवर मोबाइल. मोबाइलमध्ये कुठल्याशा प्रश्नावलीचा निकाल जपून ठेवलेला : ‘तुमची प्रकृती पित्तप्रधान आहे.’

मराठी घरांत पित्त हे सगळ्याचं उत्तर असतं. डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, चहाला उशीर होऊन चिडचिड झाली तरी पित्तच. वाताच्या वाट्याला म्हाताऱ्यांचे गुडघे तेवढे येतात, आणि ‘काय वात आणलाय या पोराने’ हा वाक्प्रचार. त्यामुळे रुग्ण स्वतःचं निदान घेऊनच येतो याचं मला आता काही वाटत नाही. या बाईंचं वेगळेपण असं, की त्यांनी त्या निदानावर चार महिने अगदी मन लावून उपचार केले होते आणि त्या उपचारांनीच त्या आजारी पडत चालल्या होत्या.

तक्रारी त्यांच्याच क्रमाने सांगतो. जेवल्यावर पोट फुगतं, ढेकरा येत राहतात. दुपारी चारनंतर डोकं धरतं. शौचाला दोन-तीन दिवसांनी होतं, तेही खडा. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोक्यात ऑफिसच्या फायली फिरायला लागतात. चिडचिड होते, मुलीवर ओरडते आणि नंतर रडू येतं. अधूनमधून पायाला मुंग्या येतात. एप्रिलपासून हे वाढत गेलं होतं.

यावर त्यांचे उपाय असे : रात्री फ्रिजमधलं थंड दूध, दिवसभर सब्जाचं पाणी, गुलकंद, संध्याकाळी जेवणाऐवजी काकडी-गाजर-कोबीची वाटीभर कच्ची कोशिंबीर. वजन वाढेल म्हणून तूप बंद. दुपारच्या डब्यात कोरडी ज्वारीची भाकरी आणि कोरडी भाजी, तीही कामाच्या धबडग्यात अडीच-तीनला. गुरुवारी उपास. सकाळी उपाशीपोटी चहा धरून दिवसाला पाच कप. शिवाय आम्ल कमी करणारी कॅप्सूल. ती कधीकाळी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली होती, पण वर्षभर चालूच राहिली.

वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात पहिल्याच अध्यायात वाताचे गुण दिले आहेत : रूक्ष म्हणजे कोरडा, लघु म्हणजे हलका, शीत, खर म्हणजे खरखरीत, सूक्ष्म, आणि चल म्हणजे अस्थिर. आता बाईंचा दिनक्रम पुन्हा वाचून बघा. थंड दूध आणि सब्जा शीत, कोरडी भाकरी आणि बंद केलेलं तूप रूक्ष, कच्चा कोबी खर, उपास लघु, आणि जेवणाची वेळ रोज वेगळी म्हणून चल. वात वाढवायचाच असता तर याहून चांगली यादी मलाही करता आली नसती.

पण हे इतकं सरळ नव्हतं, आणि ते कबूल केलं पाहिजे. त्यांना तिशीतच केस पांढरे व्हायला लागले होते, लहानपणापासून भूक सहन होत नव्हती, रंग गोरा, घाम भरपूर. म्हणजे प्रश्नावलीने फार चुकीचं सांगितलं नव्हतं. प्रकृतीत पित्त होतंच. पण प्रकृती जन्माबरोबर येते, आणि आज जे बिघडलंय ती विकृती. उपचार करायचे असतात ते विकृतीवर. घर पूर्वाभिमुख आहे म्हणून गळती पूर्वेच्याच भिंतीला असेल असं कोणी धरून चालत नाही.

तर मी ढेकरांपासून सुरुवात केली.

“ढेकर आंबट येते का? घशाशी कडू-आंबट पाणी येतं?”

“नाही. नुसती हवा. पण खूप येते.”

“छातीत जळजळ?”

जरा विचार करून त्या म्हणाल्या, “पूर्वी व्हायची. आता… पोट ताणल्यासारखं वाटतं. जळजळ नाही म्हणता येणार.”

“डोकं दुखतं तेव्हा काय करता? उलटी होते? झाली की बरं वाटतं?”

“उलटी नाही होत. बाम चोळते, ओढणी कपाळावर करकचून बांधते आणि पांघरूण घेऊन पडते. गाठ इतकी घट्ट लागते, की मुलीला बांधायला सांगते.”

माझ्या मनात निदान इथे ठरलं. सुश्रुताने वातज शिरःशूळ ओळखायची खूण हीच दिली आहे : बांधल्याने आणि शेकल्याने जे डोकं शांत होतं ते वाताचं. पित्ताचं डोकं थंड हवा आणि काळोख मागतं, त्याला कपाळावरचा केसही सहन होत नाही. बाई थंड दूध आणि सब्जा पीत होत्या आणि त्यांचं शरीर ऊब मागत होतं. पायांत मोजे घालून झोपता का, असं विचारल्यावर त्या हसल्या. उन्हाळ्यातही घालत होत्या.

तपासताना बाकीचं मिळत गेलं. तळहात गार. टाचांना भेगा. ओठांच्या कडा सोललेल्या. जीभ बारीक, कोरडी, बाहेर काढली की किंचित थरथरणारी, मागच्या बाजूला पातळ पांढरा थर. उठताना गुडघा कटकन वाजला आणि त्याच म्हणाल्या, “हा रोजचाच.” वाताचं मुख्य घर पक्वाशय, म्हणजे मोठं आतडं. शिवाय कंबर, मांड्या, कान, हाडं आणि त्वचा ही त्याची ठिकाणं. निम्म्याहून जास्त ठिकाणांहून हाका येत होत्या.

वेळाही जुळत होत्या. दिवस, रात्र आणि अन्नाचं पचन या प्रत्येकाचा शेवटचा भाग वाताचा मानला जातो. मधला पित्ताचा, पहिला कफाचा. यांचं डोकं दुपारी चारनंतर आणि जाग पहाटे तीनला. ऋतूचंही तेच : वात ग्रीष्मात साठतो आणि वर्षा ऋतूत भडकतो. एप्रिलला सुरुवात, जुलैत कळस.

एवढं असूनही त्या दिवशी मी एकही पथ्य सांगितलं नाही. आधी रक्त तपासून आणायला सांगितलं : हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. पायाच्या मुंग्या, थकवा, बद्धकोष्ठ आणि त्रेचाळिशी एकत्र आल्यावर ‘वात आहे’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. वजन आपोआप उतरतंय का, शौचातून रक्त किंवा काळा रंग दिसतो का, गिळताना अडकतं का, हेही विचारलं. यातलं एकही ‘हो’ असतं तर हे प्रकरण इथे संपलं असतं आणि त्या पोटाच्या तज्ज्ञांकडे गेल्या असत्या. थायरॉइड ठीक निघाला, साखर ठीक, बी-१२ कमी. आम्ल दाबणारी औषधं दीर्घकाळ घेतली तर अन्नातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही, तेव्हा त्या कॅप्सूलचा त्यात हात असू शकतो. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बी-१२ सुरू केलं आणि कॅप्सूल हळूहळू कमी करायचं ठरवलं. ती एकदम बंद केली की काही दिवस आम्ल उसळी मारतं आणि खरोखरीची जळजळ होते. तसं झालं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, “बघा, मी सांगत होते, पित्तच!”

आठवड्याची वही

दुसरं काम मी त्यांना वहीचं दिलं. सात दिवस काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं : काय खाल्लं, किती वाजता, ते गरम होतं की गार, शौच, जाग, डोकं. हिशेबातली बाई, त्यामुळे वही बघण्यासारखी होती. पट्टीने आखलेले रकाने, त्रास झाला तिथे लाल पेन, आणि शेवटच्या पानावर बेरीज.

गुरुवारच्या ओळीत दोन केळी, मूठभर दाणे, सहा कप चहा. त्या रात्रीची जाग पावणेतीनला, शौच नाही, संध्याकाळी डोकं. सगळी ओळ लाल. रविवारी मात्र एकही लाल अक्षर नाही. त्या दिवशी त्या नणंदेकडे गेल्या होत्या. साडेबाराला गरम वरण-भात, वर तुपाची धार, पाहुणी म्हणून नाही म्हणता आलं नाही. दुपारी तासभर गप्पा. संध्याकाळी मुगाची खिचडी. रात्री झोप लागली ती पाचपर्यंत. सकाळी पोट साफ.

मी ती ओळ बोटाने दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली. “पण तूप खाल्लं होतं मी त्या दिवशी,” त्या म्हणाल्या, जणू हिशेबात कुणीतरी चुकीची नोंद केलीय.

निदानाची पाच साधनं सांगितली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आजाराआधीच्या खुणा, रूप म्हणजे लक्षणं, उपशय, आणि संप्राप्ति म्हणजे आजार कसा घडत गेला ते. चौथं साधन, उपशय, म्हणजे कशाने बरं वाटतं. कशाने बिघडतं तो अनुपशय. लक्षणं लपलेली किंवा फसवी असतील तर उपशय-अनुपशयावरून व्याधी ओळखावा, असं चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. मोबाइलवरच्या प्रश्नावल्या रूपावर थांबतात : चिडचिड होते का, डोकं दुखतं का, झोप कमी आहे का. चिडचिड तर उपाशी, थकलेल्या, न झोपलेल्या कोणाचीही होते. बाईंच्या घरात उपशय ओढणीच्या गाठीत समोर होता, आणि रविवारी ताटात आला होता. ‘पित्ताला चालत नाही’ म्हणून त्यांनी तो मोजलाच नव्हता.

काय बदललं

औषध दिलं नाही. दुपारचं जेवण एकच्या आत, गरम, एक चमचा तुपासह. रात्रीचं आठच्या आसपास, ओलसर आणि शिजवलेलं. कोशिंबीर खायचीच तर दुपारी आणि थोडी. थंड दूध, सब्जा बंद. पाणी कोमट. भाकरी चालेल, पण कोरडी नको, आमटीत कुस्करून. पोटाचे चार भाग धरून दोन भाग अन्न, एक पाणी आणि एक भाग वायूला मोकळा, हे जुनं माप त्यांना आवडलं. आकड्यांत होतं ना.

चहाची गोष्ट वेगळी. पाचाचे एकदम शून्य करू नका म्हटलं. सवयीचं अपथ्य पावापावाने सोडावं असं वाग्भटाने सांगितलंय, आणि चहा सोडताना ज्यांचं डोकं दोन दिवस फुटतं त्यांना ते चटकन पटतं. पहिला उपाशीपोटीचा कप न्याहारीनंतर सरकवला, मग एकेक कमी. सप्टेंबरअखेर दोनवर स्थिरावलं. शून्य व्हावं असा माझा आग्रह नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचा बदल मात्र ताटातला नव्हता. बोलता बोलता कळलं, की ऑफिसातलं स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर आणि सगळ्यांत मिळून एकच. म्हणून बाई सकाळी दहाला घरून निघाल्या की संध्याकाळी सहापर्यंत लघवीला जात नसत, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नसत. सकाळी शौचाची भावना यायची तेव्हा डबे भरणं चालू असायचं, ती दाबली जायची. अष्टांगहृदयात रोग होऊच नयेत म्हणून जो अध्याय आहे, त्यात अडवू नयेत असे १३ वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, दिले आहेत. मल, मूत्र, भूक, तहान, झोप, जांभई, अश्रू हे सगळे त्यात येतात. बाई यातले किमान पाच रोज अडवत होत्या. नोकरी करणाऱ्या बायकांच्या बद्धकोष्ठाची अर्धी कथा स्वच्छतागृहाच्या दारात असते, हे माझं अनुभवाचं मत आहे. आकडा मागू नका. ठरलं असं, की दर तीन तासांनी मोबाइलचा गजर, आणि जिना चढायचा. सकाळी डबे भरायच्या आधी दहा मिनिटं स्वतःची, कोमट पाणी पिऊन. डबे नवऱ्याने भरावेत हे मी सुचवलं नाही. मुलीने सुचवलं म्हणे.

आणि तेल. त्वचा हे वाताचं ठिकाण, म्हणून अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं. डोकं, कान आणि तळपाय यांवर विशेष भर द्यावा असं वचन आहे. झोपताना तळपायांना कोमट तिळाचं तेल, आठवड्यातून दोनदा आंघोळीआधी सर्वांगाला.

जिथे मी चुकलो

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. अंग जड, तोंडाला चव नाही, भूक मेली, जिभेवर जाड पांढरा थर. मी वही मागवली. बाईंनी आठवड्यातून दोनदाचं तेल रोज केलं होतं, एक चमचा तुपाचे तीन केले होते. “चांगलं आहे तर जास्त करू म्हटलं.”

त्यांना दोष देता येत नाही. जीभ मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, मागचा तो पातळ थर पाहिला होता, आणि कोरडेपणाच्या नादात त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. वातात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, विषम असतो : एक दिवस भूक कडकडून, दुसऱ्या दिवशी नाहीच. अशा अग्नीवर तेल-तुपाचा स्नेह ओतायचा तर तो आधी जागा करावा लागतो. अजीर्णात अभ्यंग करू नये हेही अष्टांगहृदयात अभ्यंगाच्या श्लोकांपाठोपाठ आहे. मला पाठ होतं, वापरायचं राहिलं.

तेल-तूप चार दिवस बंद केलं. मुगाचं पातळ कढण, सुंठ घालून उकळलेलं पाणी, भूक लागली तरच जेवण. चौथ्या दिवशी जीभ स्वच्छ झाली, पाचव्या दिवशी “आज खरी भूक लागली” असा निरोप. मग तूप पुन्हा अर्ध्या चमच्याने सुरू केलं.

तेवढ्यात श्रावण आला आणि गुरुवारच्या उपासाला सोमवारची जोड मिळाली. उपास सोडा असं मी सहसा सांगत नाही; सांगितलं तर रुग्ण उपास सोडत नाही, वैद्य सोडतो. ‘उपास करा, पण उपाशी राहू नका’ एवढ्यावर तडजोड झाली. दुपारी वरईचा मऊ, गरम भात तूप घालून, आणि चहा दोनच.

किती फरक पडला, आणि कशाने

वहीतलेच आकडे देतो. पहिल्या आठवड्यात पहाटेची जाग सातपैकी सहा रात्री; सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात दोन. शौच आठवड्यातून तीनदा होतं, ते सहादा. ओढणी चार दिवस बांधावी लागत होती, ती एक दिवस. पायाच्या मुंग्या गेल्या. गुडघा अजून वाजतो. चिडचिडीचा रकाना त्यांनी स्वतःच बंद केला, “याचा हिशेब लागत नाही” म्हणून.

मुंग्यांचं श्रेय मी घेत नाही, ते बी-१२चं असण्याची शक्यता जास्त. ऑगस्टमध्ये झोप सुधारली तेव्हाही मला शंका होती, कारण ३१ जुलै ही आयकर विवरणपत्रांची नेहमीची शेवटची तारीख उलटली की त्यांच्या ऑफिसचा ताण उतरतो. पण सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षणाचे अहवाल ३० तारखेच्या आत देण्याची धावपळ आली, रात्री आठ-आठपर्यंत काम झालं, आणि झोप टिकली. त्यामुळे तेवढं तरी दिनचर्येच्या खात्यावर टाकायला मी तयार आहे. वेळेवरचं जेवण, तेल, कमी चहा आणि गजर यांतलं नेमकं कोणतं लागू पडलं हे सांगता येणार नाही. सगळं एकत्र चालू होतं. एका रुग्णावरून यापेक्षा जास्त म्हणू नये. मला विचाराल तर माझा कौल दुपारच्या एकच्या जेवणाला आणि जिन्याला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस संपून ऊन कडक तापलेलं असताना, त्यांचा पुन्हा फोन. मी मनात म्हटलं, वात परतला. पण बाईंनी मला बोलूच दिलं नाही.

“डॉक्टर, तिळाचं तेल डोक्याला थांबवलंय मी, आणि सुंठीचं पाणीही. तीन दिवस ढेकर आंबट येतेय, तोंडात फोड आलाय, तळहात गरम आहेत. काल डोकं दुखलं, मुलीने ओढणी आणली तर अंगावर धावून गेले तिच्या. नको वाटली ती.”

पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात भडकतं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.

“या वेळी खरंच पित्त आहे,” त्या म्हणाल्या. “आता गुलकंद चालेल ना?”